वीतभर उंच

माझे वडील जीपमध्ये चढत नसत, बसत असत. यातला फरक सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून तो आधी सांगतो.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांचे दोन्ही गुडघे आखडलेले होते. पायरी चढायची म्हणजे त्यांना कठड्याला धरून अंग वर ओढावं लागे. माझी जीप लढाईनंतर मोडीत निघालेल्या सरकारी मालातली होती. तिला दार नव्हतं आणि पाय ठेवायला फळीही नव्हती. पहिल्यांदा ती घरापुढे उभी केली तेव्हा मला वाटलं होतं की अण्णांना काही हिच्यात बसता यायचं नाही. पण अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, गाडीकडे पाठ केली, पुढच्या काचेची चौकट एका हातानं धरली आणि सरळ सीटच्या कडेवर टेकले. मग एकेक पाय गुडघ्याखाली हात घालून आत घेतला, धोतराचा सोगा मांडीवर गोळा केला आणि म्हणाले, "हं, चल."

आधी बसायचं आणि मग आत यायचं. घरातल्या झोपाळ्यावर बसावं तसं. कुठल्या लांबच्या देशात, कुणा शिपायासाठी केलेली ती सीट, पण तिची उंची बरोबर माझ्या वडिलांच्या कमरेइतकी निघाली. याचा त्यांना फार आनंद झाला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "आमच्या मापाची गाडी आहे."

आम्ही तेव्हा डोंबिवलीत राहत होतो. अण्णांचे एक जुने स्नेही कल्याणला होते. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात दोघं उभा जन्म शेजारी शेजारी बसले. त्या काकांना अर्धांगवायू झाला आणि त्यांचं घराबाहेर पडणं संपलं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी अण्णा त्यांच्याकडे बुद्धिबळ खेळायला जात. स्टेशनचा पूल अण्णांना चढवत नसे आणि टांगेवाले एवढ्या लांब यायला कुरकुर करत. म्हणून दर रविवारी मी त्यांना मानपाड्यावरून कल्याणला नेत असे आणि संध्याकाळी परत आणत असे. निवृत्त झाल्यावर आठवड्यात वाट बघावी असा त्यांचा तेवढा एकच दिवस होता. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

माझा धंदा रेतीचा. डोंबिवलीत तेव्हा घरं उठायला लागली होती. कळव्याच्या खाडीवर होड्यांतून रेती उतरायची. जीपला मागे ट्रेलर जोडून मी ती आणायचो. ज्याच्या होड्या होत्या तो माणूस माझ्याच वयाचा, तिथल्याच जुन्या कोळी घरातला. त्याच्याकडेही जीप होती, पण तिला मिलिटरीच्या ट्रकची मोठी चाकं लावलेली. खाडीच्या बांधावर, ओहोटीच्या चिखलात ती नुसती चालत जायची. माझी जीप रुतायची. मग त्याचीच माणसं येऊन ढकलायची.

एकदा अशीच माझी गाडी रुतली. तो बांधावर उभा राहून बघत होता. म्हणाला, "काय रं, ही गारी हाय का पोराचा खेलना? चावी देतंस काय हिला?"

त्याची माणसं हसली. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या अंगात शिरलं. त्याच्यानंतर माझी गाडी मला कुठेही उभी दिसली की ती खेळण्यासारखी दिसायला लागली. पेट्रोल पंपावर कुणी नुसतं बघितलं तरी वाटायचं, हा मनात हसतोय.

चाकं बदलायची की नाही यावर मी बरेच दिवस काढले. निदान तसं दाखवलं. ज्याला त्याला विचारत होतो. कल्याणजवळच्या छावणीत सिंधमधून आलेल्या एका व्यापाऱ्याचं लष्करी मालाचं दुकान होतं. त्याच्याकडे मला हवी तशी चाकं होती. तो म्हणाला, "साईं, लगा लो. गाडी नहीं, हाथी बन जाएगी." मिस्तरी म्हणाला की एवढी चाकं वळताना मडगार्डला घासतील, स्प्रिंगखाली ठोकळे घालावे लागतील, गाडी वीतभर वर येईल. स्टिअरिंग जड होईल आणि भरलेला ट्रेलर ओढताना इंजिनाला दम लागेल, हेही त्यानं सांगितलं. मी त्यातलं फक्त 'वीतभर वर येईल' एवढंच ऐकलं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मामंजींचं काय?"

"त्यांचं काय?"

"अहो, ते बसणार कसे?"

"बसतील. एक पाय जरा उचलायचा."

"उचलता येत असता तर पुलावरून गेले नसते का आगगाडीनं?"

मी म्हणालो, "अगं, धंद्याची गाडी आहे ती. आठवड्यातले सहा दिवस ती चिखलात असते." हे बोलताना माझा आवाज चढला होता. आणि पावसाचे महिने सोडले तर ती चिखलात फारशी नसायची, हेही मला माहीत होतं.

शेवटी अण्णांना विचारलं. विचारलं म्हणजे असं विचारलं की त्यांना नाही म्हणताच येऊ नये. "रेतीच्या कामाला मोठी चाकं लागतायत, घालू ना?" असं. अण्णा पेपर वाचत होते. पेपर मांडीवर ठेवून ते म्हणाले, "तुझ्या धंद्याला लागत असतील तर घाल बाबा. मी काय, रविवारचा पाहुणा."

ही परवानगी मी घट्ट धरून ठेवली. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की अण्णांना विचारूनच तर केलं.

एक गोष्ट मात्र मला आजही सोडत नाही. चाकं घालण्याआधी मी गाडीपाशी टेप घेऊन बसलो होतो. मडगार्डची जागा मोजली, चाकाची रुंदी मोजली, ट्रेलरचा दांडा किती वर येईल तेही मोजलं. सीटची उंची मोजली नाही. टेप हातात होता, अण्णा ओट्यावर उभे होते, पाच पावलांचं काम होतं. मोजलं असतं तर कळलं असतं, आणि कळलेलं मला नको होतं.

चाकं लागली. गाडी खरोखरच हत्तीसारखी दिसायला लागली. मी वर बसून बाजारातून जायचो तेव्हा दुकानांच्या फळ्यांवर बसलेली माणसं मान वर करून बघायची. मला ते फार आवडलं. इतक्या वर्षांनी लिहितानाही लाज वाटते की ते मला किती आवडलं होतं.

मग रविवार आला. अण्णा नेहमीसारखे कोट घालून, टोपी घालून, बुद्धिबळाची पेटी काखेत धरून बाहेर आले. गाडीकडे पाठ केली, चौकट धरली आणि टेकायला गेले. सीट तिथं नव्हती. ती त्यांच्या पाठीला लागली. त्यांनी वळून गाडीकडे बघितलं.

"बरीच वाढली की रे," एवढंच म्हणाले.

बायको आत धावली आणि जेवायचा पाट घेऊन आली. तिनं तो गाडीपाशी मांडला. अण्णा एकदम मागे सरले. "जेवायच्या पाटावर पाय देऊ? वहाणेसकट? उचल, उचल तो आधी." तिनं पाट पदरानं पुसून आत नेला आणि वाण्याकडून आणलेला साबणाचा रिकामा खोका आणला. त्या खोक्यावर उभे राहून, मी वरून हात ओढून आणि तिनं खालून आधार देऊन, अण्णा कसेबसे आत आले. सीटवर बसल्यावर बराच वेळ त्यांना धाप लागली होती.

"खोका मागे टाका बरं का," बायको म्हणाली आणि तो फाटकापाशी ठेवून ती दूध उतू जातंय म्हणून आत पळाली.

मी खोका बघितला. त्याच्यावर साबणाचं चित्र होतं, एक फळी निखळलेली होती. त्या गाडीत, त्या चाकांवर तो खोका घेऊन कल्याणच्या बाजारातून जायचं माझ्या जिवावर आलं. मी गाडी सुरू केली.

अण्णांनी विचारलं, "खोका घेतलास?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मी हो म्हटलं म्हणजे त्यांच्यासाठी हो होतं.

कल्याणला उतरताना अडचण आली नाही. मी धरलं आणि ते घसरत खाली आले. खोक्याचा विषय निघाला नाही. संध्याकाळी मी त्यांना घ्यायला गेलो तेव्हा काकांच्या घरापुढे टांगे उभे होते. जीप अमेरिकन, म्हणून स्टिअरिंग डावीकडे आणि अण्णांची बाजू उजवीकडे, भर रस्त्याच्या अंगाला. मी माझ्या जागेवरच बसून होतो, कारण तेवढ्यात तो कळव्याचा होडीवाला त्याच्या जीपमधून तिथून चालला होता आणि माझी चाकं बघून थांबला होता.

"आता कशी दिसते!" तो माझ्या बाजूला येऊन चाकावर थाप मारत म्हणाला. "आता झाली मरदाची गारी!"

मी बसल्या जागेवरून वाकून त्याला स्प्रिंगखालचे ठोकळे दाखवत होतो. अण्णा बाहेर आले. गाडीच्या मागच्या भागात त्यांनी नजर टाकली. मग माझ्याकडे बघितलं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि ठोकळ्यांबद्दल बोलत राहिलो.

अण्णांनी मला हाक मारली नाही. त्यांनी पेटी सीटवर ठेवली, चौकट धरली आणि एक पाय वर टाकला. तो कडेला अडकला. त्यांनी अंग ओढलं. गाडीच्या अंगाला कॅनव्हासचे पट्टे बांधायचे हूक असतात, त्यातल्या एकात त्यांचा कासोटा अडकला. पाय निसटला, ते खाली आले, पण कासोटा वरच राहिला. धोतर सुटून गुडघ्यांपर्यंत उतरलं. भर रस्त्यात, संध्याकाळच्या उजेडात.

एक टांगेवाला ओरडला, "आजोबा, बसा लवकर, विमान सुटतंय!"

दुसरा म्हणाला, "अरे, शिडी आणा रे कुणीतरी!"

सगळे हसले. आणि मी हसलो. लोक हसले म्हणून माझ्याही तोंडून चुकून आलं, असं मी पुढे स्वतःला पटवून बघितलं आहे. ते खरं नाही. मी वळून बघितलं, काय झालं ते मला दिसलं, ते कोण आहेत हे मला माहीत होतं, आणि मग हसलो. त्या क्षणी मला त्या हसणाऱ्यांत असायचं होतं, त्या धोतराच्या बाजूला नव्हे.

होडीवाला हसला नाही. त्यानं चाकावरचा हात काढला आणि हळूच विचारलं, "तुजा बापूस ना रं तो?"

"हो," मी म्हणालो. हसू अजून माझ्या तोंडावर होतं. ते कसं पुसायचं मला कळेना.

तो वळला. आपल्या गाडीत बसून निघून गेला.

मी खाली उतरून पलीकडे गेलो तोवर अण्णांनी हुकातून कासोटा सोडवला होता. ते गाडीकडे तोंड करून, रस्त्याकडे पाठ करून धोतर नेसत होते. घाई करत नव्हते. निऱ्या घातल्या, खोचल्या, कासोटा मागे घेऊन नीट बसवला, कोटाचा मागचा भाग ओढून सारखा केला. कासोटा घालताना माणसाचे दोन्ही हात पाठीमागे गुंततात. कुणाच्या नजरेपासून काही झाकायला एकही हात उरत नाही. मी त्यांच्या आणि लोकांच्या मध्ये उभं राहायला हवं होतं. मी बाजूला उभा राहिलो.

ते वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. म्हणाले, "पेटी दे. तू हो पुढं. मी टांग्यानं येतो."

आणि ज्यानं विमानाचं म्हटलं होतं त्याच टांगेवाल्याकडे गेले. तो टांगा सगळ्यांत पुढे उभा होता. त्याची पायरी खाली होती.

मी त्या टांग्याच्या मागे मागे हळूहळू गाडी चालवत डोंबिवलीपर्यंत आलो. घरी आलो तेव्हा बायको फाटकात उभी होती. तिच्या हातात खोका होता. "इथंच होता," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी गाडी पुसून उभी केली. अण्णा ओट्यावरून म्हणाले, "आज नको. जरा कणकण वाटतेय." त्याच्या पुढच्या रविवारी पोट बरं नव्हतं. मग पाऊस होता. मग त्यांनी कारण द्यायचं सोडलं आणि मी विचारायचं. रविवारी दुपारी ते पेटी उघडायचे, सोंगट्या काढून कपड्यानं पुसायचे आणि परत ठेवायचे.

जुनी चाकं घराच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ती परत बसवायला कितीसा वेळ लागणार होता? नटच तर सोडायचे. तरी दर शनिवारी मला काहीतरी आडवं यायचं. मिस्तरी गावाला गेलाय, काम अंगावर आहे, पावसाळा आहे तोवर राहू देत. पावसात गाडी कमी रुतायची हे खरं होतं, आणि त्या एवढ्याशा खरेपणामागे मी सगळा लपलो होतो. खरं कारण वेगळं होतं. चाकं उतरवली तर त्या दिवशी जे झालं ते झालं होतं असं कबूल करावं लागलं असतं. अण्णा त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मला वाटायचं, नाही बोललं तर ते विरून जाईल.

मधे एकदा काकांचा मुलगा ठाण्याच्या बाजारात भेटला. म्हणाला, "अण्णा येत नाहीत हल्ली? आमच्या घरी दर रविवारी पट मांडलेला असतो. आम्ही उचलला की वडील चिडतात." मी म्हणालो, तब्येत बरी नसते. घरी येऊन हा निरोप मी अण्णांना दिला नाही. दिला असता तर ते म्हणाले असते, चल. मग मला त्या हुकाशेजारी उभं राहावं लागलं असतं.

असे दीडदोन महिने गेले. मग एका रविवारी जेवण झाल्यावर मी अंगणात काही करत होतो, तर अण्णा बाहेर आले. कोट, टोपी, काखेत पेटी. आणि खाली लेंगा.

माझ्या वडिलांना मी जन्मात कधी धोतराशिवाय पाहिलं नव्हतं. ऑफिसला धोतर, लग्नाकार्याला धोतर, आजारी पडले तरी धोतर. तो लेंगा नवा होता, खळीनं कडक, घोट्याच्या वर जरा आखूड. त्यात ते एखाद्या दुसऱ्याच माणसासारखे दिसत होते. स्टेशनाजवळच्या शिंप्याकडून त्यांनी तो शिवून घेतला होता. आम्हाला कुणाला न सांगता, एकटे चालत जाऊन मापं देऊन आले होते.

"आता जमेल," ते म्हणाले. "धोतराचाच घोळ होता तो."

बायकोनं खोका आणून ठेवला. अण्णा त्याच्यावर चढले, एक गुडघा गाडीच्या कडेवर टेकला, मग दुसरा, आणि लहान मूल पायऱ्या चढतं तसे हातापायांवर आत गेले. बसल्यावर त्यांनी गुडघ्यावर पडलेला ग्रीसचा काळा डाग बघितला आणि त्यावर हात ठेवला. "चल," म्हणाले. "तो वाट बघत असेल."

इतके दिवस मी समजत होतो की अण्णा रागावले आहेत. ते रागावले नव्हते. ते माझ्या गाडीत कसं बसायचं याचा विचार करत होते.

खोका मी गाडीत टाकला. कल्याणला काकांच्या खोलीत अण्णा शिरले तेव्हा काकांनी पलंगावरून बघितलं आणि वाकड्या झालेल्या तोंडानं मोठ्यानं हसले. "अरे, हा कोण नवा जावई आला? लेंगा? या वयात?"

मी दारात उभा होतो. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बरा पडतो रे," ते पट ओढून घेत म्हणाले. "धोतर धुवायला सुनेला फार त्रास होतो. मांड. पांढरी कुणाची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्तरीला बोलावलं. मोठी चाकं काढली, ठोकळे काढले, जुनी चाकं बसवली. दुपारच्या आत सगळं झालं. एवढंच होतं ते काम. कळव्याला मी पुन्हा रुतायला लागलो आणि होडीवाल्याची माणसं पुन्हा ढकलायला लागली. त्यानं चाकांबद्दल विचारलं नाही. खेळणं हा शब्दही पुन्हा काढला नाही. त्यानं काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी अण्णा बाहेर आले ते लेंग्यातच. गाडीपाशी थांबले, चाकांकडे बघितलं. मग गाडीकडे पाठ केली, चौकट धरली आणि टेकले. सीट तिथं होती. एकेक पाय आत घेतला. सोगा गोळा करायला त्यांचा हात सवयीनं मांडीवर गेला आणि तिथं काही नाही म्हणून परत आला.

मी धीर करून म्हणालो, "अण्णा, चाकं उतरवली मी. आता धोतर नेसून आलात तरी चालेल."

"बघितलं," ते म्हणाले.

मग माझी समजूत घालावी तसं, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "लेंगाच असू दे. पुन्हा कधी गाडी उंच करावीशी वाटली तुला, तर माझी अडचण नको."

त्यानंतर ते घराबाहेर कधीच धोतर नेसून गेले नाहीत.